चार वाशांचे घर

सप्टेंबरच्या अखेरीस इन नदीच्या खोऱ्यात सकाळचा प्रकाश घाईने येत नाही. वयस्क माणसाने कठड्याला धरून जिना उतरावा तसा तो उतरतो, एकेका पायरीवर थांबत. प्रथम समोरच्या कड्यावरचा राखी दगड किंचित गुलाबी होतो. इतका किंचित, की पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांचा संशय यावा. मग तो रंग विरून जातो आणि त्याच्या जागी साधा, कोरडा, धुतलेल्या चादरीसारखा उजेड उरतो. तो लार्चच्या झाडांपर्यंत येतो. लार्च अजून पुरती पिवळी झालेली नसतात; हिरव्यातून सोन्याकडे जाताना मध्येच कुठेतरी विचारात पडलेली असतात, आणि उजेडही त्यांच्यापाशी तसाच रेंगाळतो. त्यांच्याखाली कापणी झालेली कुरणे. तिथे गवताच्या खुंटांवर दव असते, पण ते चमकत नाही, नुसते असते. मग कुंपणाचे खांब एकेक करून स्वतःची सावली शोधतात. मग गाव. आधी चर्चच्या मनोऱ्याचे टोक, मग त्यावरच्या घड्याळाचे सोनेरी काटे, मग दगडी पाट्यांची छपरे, त्यांतून निघणारा पहिला धूर. आणि सर्वांत शेवटी जाड भिंतींतल्या त्या खोल खिडक्या, ज्यांच्या तळाशी उजेड पोहोचेपर्यंत आतल्या माणसांची न्याहारी उरकलेली असते.

त्या सकाळी फुंताना गावाच्या वरच्या वळणावर उभा राहून मी हे सारे पाहिले. ढग नव्हते, धुके नव्हते, वाराही नव्हता. रोज सकाळी जो असतो तोच प्रकाश होता.

देशातली जुनी गावे आणि त्यांच्या भोवतालची शेते, जशी आहेत तशी, एका मोठ्या पुस्तकासाठी टिपायची, हे माझे काम. गावात पोहोचायचे, पुस्तकाचे एक पान भरेल असे दृश्य शोधायचे, ते मिळाले की तिपाई दुमडायची आणि पुढच्या गाडीने निघायचे. कोणाशी फारसे बोलावे लागत नसे. माझ्या लाकडी कॅमेऱ्यामागे एक काळे कापड असे. ते डोक्यावरून ओढले की माणसाला जग दिसते आणि जगाला त्याचा चेहरा दिसत नाही. हा धंदा का पत्करला असे कोणी विचारले, तर मी कलेविषयी काहीबाही बोलत असे. खरे कारण ते कापड होते.

फुंताना हे पुस्तकातले शेवटचे गाव. मी पहिला फोटो घेतला. दुसऱ्याच्या तयारीने पुन्हा कापडाखाली शिरलो. या कॅमेऱ्याच्या काचेवर दृश्य उलटे उमटते, वर जमीन आणि खाली आकाश. त्या उलट्या कुरणातून चार उंच वासे आकाशात लोंबताना मला दिसले.

आमच्या देशात घर बांधायचे तर त्याच्या चार कोपऱ्यांवर, घर जितके उंच होणार तितके उंच वासे आधी रोवावे लागतात. काही आठवडे ते तसेच उभे असतात, म्हणजे ज्याचे ऊन अडेल, ज्याचे दृश्य झाकेल, त्याला हरकत घेता यावी. भिंती उभ्या राहिल्यावर भांडण्यापेक्षा हवेशीच भांडून घ्यावे, असा त्यामागचा विचार. त्या चारांपैकी एक वासा, उजवीकडचा मागचा, नेमका मनोऱ्याच्या घड्याळावर आला होता.

मी खाली कुरणात उतरलो आणि त्या वाशांच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.

“बूट काढा.”

मी दचकून वळलो. कुंपणापाशी एक मुलगी उभी होती. अंगात पोस्टाच्या बसचालकांचे निळे जाकीट, हातात किल्ल्यांचा जुडगा, आणि केस इतके घाईने बांधलेले, की अर्धे अजून झोपेतच असावेत.

“तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात उभे आहात,” ती म्हणाली. “आणि बूट चिखलाचे आहेत.”

“माफ करा… मला वाटलं, हे कुरण आहे.”

“कुरण त्या वाशापाशी संपलं. आणि तुम्ही दारातून नाही आलात. सरळ भिंतीतून घुसलात.”

“दार… कुठे आहे?”

“पूर्वेला. सभ्य माणसं तिकडून येतात.”

यापुढे मी जे केले त्याचे आश्चर्य मला आजही वाटते. मी वाशांच्या बाहेर पडलो, वळसा घालून पूर्वेच्या बाजूला गेलो, तिथे ओणवून बूट काढले आणि बोट वाकवून हवेवर दोनदा टकटक केले.

ती हसली नाही. हसू दाबून ठेवण्यासाठी तिने खालचा ओठ आत ओढून घेतला… आणि ते हसण्याहून अधिक होते.

“या,” ती म्हणाली. “कॉफी विचारली असती, पण चूल यायची आहे अजून. भिंतसुद्धा.”

तिचे नाव उर्सिना. खोऱ्यातली पिवळी बस ती चालवत असे; आमच्याकडे डाकेबरोबर माणसांनाही पोस्टच गावोगावी नेते. तिचे वडील जाताना हे कुरण तिच्या नावे करून गेले होते.

“तो वर वळणावरचा तुमचाच ना डबा?” तिने विचारले. “खरं सांगा हं. माझ्या वाशांनी तुमचा फोटो बिघडवला.”

खरे सांगायचे तर ‘हो’ म्हणायला हवे होते. पण मोज्यांतून दवाचा गारठा वर चढत होता, आणि ती त्या नसलेल्या भिंतीला टेकल्यासारखी उभी होती.

“नाही… वासे नाहीत,” मी म्हणालो. “प्रकाश. प्रकाश बरोबर नाही.”

तिने मान वर करून कड्याकडे पाहिले, लार्चच्या झाडांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“मग कधी होईल बरोबर?”

“उद्या. कदाचित.”

“बरं,” ती म्हणाली. “उद्या विचारेन.”

*

आणि तिने खरेच विचारले. माझे वळण इतके अरुंद होते, की तिथे बसला भोंगा वाजवावा लागे. पोस्टाच्या बसचा तो तीन सुरांचा भोंगा अख्ख्या देशाला ठाऊक आहे. पण उर्सिना शेवटचा सूर जरासा ओढत असे, प्रश्न विचारल्यासारखा. मग पिवळी बस माझ्या काचेवर उलटी अवतरे, थांबे, आणि खिडकीची काच खाली जाई.

“काय, प्रकाशवाले? झाला का मनासारखा?”

“जरा… कोरडा आहे.”

“कोरडा! काल काय होता?”

“काल थोडा कडक होता.”

“परवा पातळ होता,” मागच्या बाकावरून एक बाई म्हणाली. “मी होते ना गाडीत. परवा ‘पातळ’ म्हणाले होते ते.”

“पाव आहे की प्रकाश?” कोणीतरी पुटपुटले, आणि गाडी हसत निघून गेली. मी धुळीत उभा राही आणि माझे कान लाल होत. मग दिवसभर मी गावातून हिंडत असे. भिंतींचा गिलावा ओला असताना खरवडून काढलेली जुनी नक्षी, हौदाच्या काठाला हातांनी पडलेली झीज, नदीकडे उतरणाऱ्या शेतांच्या पायऱ्या… सारे टिपत असे, आणि त्या त्या दिवसाच्या फिल्मा संध्याकाळच्या बसने शहरातल्या कचेरीला धाडत असे. कामात कुचराई नव्हती. फक्त वळणावरचा फोटो तेवढा राहिला आहे, असे मी स्वतःला सांगत होतो.

मी उतरलो होतो तिच्या आत्याच्या खाणावळीत. बार्ब्ला आत्या सहा फुटी, आवाजाने त्याहून उंच. एका रविवारी जवाचे सूप झाल्यावर तिने लाल वाइन काढली आणि उर्सिनालाही हाक मारून टेबलाशी बसवले. आमच्याकडे पेल्याला पेला लावताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहावे लागते आणि त्याचे नाव घ्यावे लागते. मी आत्याच्या डोळ्यांत पाहिले. उर्सिनाची पाळी आली तेव्हा माझी नजर पेल्यात बुडाली.

“अहो, काय पडलंय का त्यात?” आत्या गरजली. “स्वच्छ आहे वाइन. बघायचं ते इकडे.”

“राहू दे गं आत्या,” उर्सिना म्हणाली. “त्यांना डोळे उलटे दिसत असतील. सवय आहे त्यांना.”

त्याच जेवणात मला तिच्या घराची गोष्ट नीट कळली.

“गावातली निम्मी घरं सुटीवाल्यांची,” ती पाव मोडत म्हणाली. “दोन आठवडे येतात, फुलांच्या कुंड्या ठेवतात, जातात. बाकी वर्षभर खिडक्या बंद. घरं रिकामी, आणि मला राहायला जागा नाही. आत्याच्या माळ्यावर झोपते मी, सफरचंदांबरोबर.”

“सफरचंदांची काही तक्रार नाही,” आत्या म्हणाली.

“पाइदरकाकांची आहे ना. वळणाखाली घर त्यांचं. जन्मभर बाकावर बसून मनोऱ्याचं घड्याळ बघत आलेत. माझं घर झालं की घड्याळ झाकणार. हरकत घेतलीय त्यांनी. म्हटलं, काका, मी तुम्हाला मनगटी घड्याळ आणून देते. तर म्हणाले, घड्याळ नकोय मला, वेळ हवीय.”

“आणि हरकत मान्य झाली तर?” मी विचारले.

ती पावाचे कण बोटाने गोळा करत राहिली. “खूर शहरात मोठ्या बसवर जागा आहे. खोली पण देतायत. महिनाअखेर कळवायचंय. घर होणार असेल तर राहीन… नाहीतर पहिल्या बर्फाआधी जाईन. आणि जाईन ती जाईनच. सुटीला यायची नाही मी. माझ्याच गावात कुंड्या ठेवायला!”

आत्या उठून उगाच चुलीकडे गेली.

*

दुपारची फेरी आटोपली की उर्सिना कधीकधी कुरणात येत असे, आणि मीही योगायोगाने तिथे असे. मी नेहमी पूर्वेकडून येई आणि बूट बाहेर काढी. एव्हाना ते घर मला पाठ झाले होते. इथे जिना, इथे भिंतींना लाकडाच्या फळ्या लावलेली बैठकीची खोली, इथे दगडी चूल. एके दिवशी आम्ही तिच्या स्वयंपाकघरात गवतावर बसून आत्याने दिलेला अक्रोडाचा केक खात होतो.

“टेबल इथे,” ती म्हणाली. “खिडकीखाली.”

“आणि खुर्च्या?”

“एक.”

“एकच?”

“एवढं आश्चर्य कशाला? एकटीच राहणार ना मी.” तिने केकचा अक्रोड वेगळा काढला आणि माझ्या तुकड्यावर ठेवला. “दुसरी कोणी आणली… तर जागा आहे. पण लोक तिपाई घेऊन येतात हो. तिपाईवर बसता येत नाही.”

मी काहीतरी बोलायला हवे होते. वरून एका गाईच्या घंटेचा आवाज आला, सावलीची कड आमच्या पायांपाशी पोहोचली, आणि मी म्हणालो,

“आता प्रकाश जाईल.”

“हो,” ती उठत म्हणाली. “तो जातोच.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. दृश्य मिळाले की निघायचे, हा माझ्या आयुष्याचा नियम होता. प्रत्येक गावाचे मी एक पान केले होते आणि कुठल्याच गावाने मला ओळखीचा असा एकही दरवाजा दिला नव्हता. आता या गावाने एका घराचा दिला होता. तो हवेचा होता, आणि हरकत मान्य झाली तर महिनाअखेरीस तोही मोडला जाणार होता.

*

डोंगरावरच्या चराईहून गाई खाली आल्या, त्याच्या दुसऱ्या सकाळची ही हकिगत. मी वळणावर पोहोचलो तेव्हा खाली उर्सिनाच्या कुरणात घंटांचा गोंधळ चालला होता. कुणाच्या तरी गाई कुंपण ढकलून आत शिरल्या होत्या. कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक धिप्पाड गाय घड्याळावरच्या त्या वाशाला मान घासत होती, डोळे मिटून, फार दिवसांची खाज असावी तशी. माझ्या डोळ्यांदेखत वासा झुकला, थबकला, आणि आडवा झाला.

मी धावत खाली गेलो. गाई हाकलल्या. वासा हलका होता, पण त्याचा खड्डा खुरांनी पुरता बुजला होता. दुसरा कुणी असता तर गावकचेरीत कळवून मोकळा झाला असता. पण कोपरा नसलेले ते घर उर्सिना बस घेऊन येईल तेव्हा तिला दिसावे, हे मला सहन होईना. शिवाय त्या वाशाची जागा माझ्याइतकी कोणाला ठाऊक होती? रोज मी तो पाहत होतो. मी अंदाजाने वासा रोवला, वर वळणावर गेलो, काचेवर पाहिले; खाली येऊन वीतभर सरकवला, पुन्हा वर गेलो. दम लागला, गुडघे चिखलाने माखले. अखेर काचेवरचे दृश्य माझ्या आठवणीशी तंतोतंत जुळले, आणि मी समाधानाने दगड ठोकून बुंधा पक्का केला.

दुपारी गावातल्या हौदापाशी माणसे जमली होती. पाइदरकाका काठी टेकून मध्ये उभे होते, त्यांच्यासमोर उर्सिना, शेजारी गावकचेरीचे चिटणीस आणि हात पुसत आलेली बार्ब्ला आत्या.

“काल सकाळी नऊ वाजले ते मला दिसले नव्हते,” काका सावकाश सांगत होते. “आज दिसले. नऊ वाजायला माझी हरकत नाही. पण वासा चालत गेला कसा, ते मला कळू दे.”

“काका, मी हात लावलेला नाही त्याला,” उर्सिना म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. “तुमची हरकत निघावी म्हणून मी वासा सरकवेन? मी? तुम्ही मला लहानपणापासून ओळखता.”

“मग काय, गाईने लावला हात?”

कोणीतरी हसले. उर्सिनाच्या डोळ्यांत पाणी उभे राहिलेले मला दिसले. जवळ काळे कापड नव्हते. मी पुढे झालो.

“गाईनेच पाडला,” मी म्हणालो. “उभा मी केला.”

सगळे वळले.

“कुठल्या गाईने?” काकांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“मोठी आहे. कपाळावर पांढरा ठिपका. मान घासत होती.”

आत्याने हात पुसायचे फडके खांद्यावर टाकले.

“श्टाइला,” आत्या म्हणाली. “पाइदर, तुझीच ती.”

“श्टाइला असं करणार नाही,” काका म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

चिटणिसांनी घसा साफ केला. “फोटोवाले, वाशाला मोजणीदाराशिवाय कोणी हात लावायचा नसतो. आता पुन्हा मोजणी, पुन्हा वासे, पुन्हा हरकतींची मुदत. पहिल्यापासून.”

“म्हणजे बर्फ पडेपर्यंत,” उर्सिना म्हणाली. मग माझ्याकडे वळली. तिचा आवाज हळू होता, म्हणूनच तो फार लागला. “तुम्हाला माझं घर तुमच्या चौकटीत बसवायचं होतं ना? घड्याळ मोकळं दिसायला हवं होतं तुमच्या पुस्तकात. सांगायचं होतं तसं. पहिल्याच दिवशी सांगायचं होतं.”

“नाही…” इतक्या माणसांसमोर मी आयुष्यात बोललो नव्हतो. “मला वाटलं, जिथे होता तिथेच लावतोय. शपथेवर सांगतो. बघून बघून… माझ्या डोळ्यांनी तो कधी सरकवला, मलाच कळलं नाही. मनोरा पण राहावा असं वाटत होतं. आणि तुमचं घर पण. दोन्ही राहावीत… एवढंच वाटत होतं मला रोज. आणि तुम्ही खूरला जाऊ नये, असंही.”

शेवटचे वाक्य बोलायचे मी ठरवले नव्हते. ते बाहेर पडले, आणि हौदाकाठी कपडे पिळणाऱ्या बाईचे हात थांबले.

पाइदरकाका चालू लागले. कुणाला काही समजेना. मग एकेक करून सारे त्यांच्या मागे निघाले. ते आपल्या घरासमोरच्या बाकावर जाऊन बसले. काठीवर हनुवटी टेकवून त्यांनी कुरणाकडे पाहिले, डावीकडे झुकून पाहिले, उजवीकडे झुकून पाहिले. मनोऱ्यात ठोके पडले. काकांनी काट्यांकडे पाहून मान डोलावली, जणू ठोके बरोबर आहेत की नाहीत हे तपासून घेतले.

“हा वासा आत्ता आहे तिथे राहिला, तर घर कसं बसेल?” त्यांनी विचारले.

चिटणिसांनी हवेत हात फिरवला. “जरा वळवावं लागेल. दहा-बारा अंश. बाकी तेवढंच.”

“मग वळवा. घड्याळ दिसतंय मला. माझी हरकत नाही.” ते थांबले. “श्टाइलाचं नाव मात्र कागदावर नको.”

“हरकत घेणारेच राजी झाले, तर मुदत काय, नावापुरती,” चिटणीस म्हणाले.

उर्सिना हसलीही नाही आणि रडलीही नाही. ती पाइदरकाकांशेजारी बाकावर बसली, आणि दोघेही बराच वेळ घड्याळाकडे पाहत राहिले. माझ्याकडे मात्र तिने पाहिले नाही.

*

मोजणीदार आला, वासे उपटले, पुन्हा रोवले. घर किंचित वळले. खूरला नकार कळवला गेला. तेवढे सारे होऊनही माझ्याशी ती मोजकेच बोलत होती, आणि मी आपले सामान आवरायला घेतले. वळणावरचा फोटो नव्या वाशांसकट घेऊन टाकला. राहण्याचे कारण आता उरले नव्हते.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती खाणावळीत आली आणि दोन पेले घेऊन माझ्यासमोर बसली.

“मोजणीदाराबरोबर उभी होते आज,” ती म्हणाली. “घर वळलं ना, त्यामुळे स्वयंपाकघराची खिडकीही वळली. आधी तिच्यातून कडा दिसणार होता. आता वळण दिसतं.”

“माझ्यामुळे… तुमचा डोंगर गेला.”

“गेला. आता सांगा, वळणावर बघण्यासारखं काय असतं?”

तिने पेला उचलला. आमच्या खोऱ्यांत ‘तुम्ही’ सोडून ‘तू’वर यायचे ते असे पेल्याच्या साक्षीने, आणि बोलावणे बाईने द्यायचे.

“उर्सिना,” तिने स्वतःचे नाव सांगितले, जणू मी ते कधी ऐकलेच नव्हते.

“सिल्वान,” मी म्हणालो.

पेले भिडले. या वेळी मी पाहिले. तिचे डोळे राखी होते, सूर्य पोहोचण्याआधीच्या दगडासारखे. आणि मग, अगदी किंचित, तसे राहिले नाहीत.

“बघितलंस,” ती हळूच म्हणाली. “सुलटे आहेत.”

आणि तरीही… तरीही मी तेवढ्यावरच थांबलो. एवढे सारे घडूनही माझी पेटी वर खोलीत बांधलेली होती, आणि ती सोडायला तोंडातून एक शब्द निघाला नाही. सवय माणसाला कशी धरून असते!

सकाळी मी वळणावर बसची वाट पाहत उभा राहिलो. तिपाई दुमडलेली, पेटी पायाशी. प्रकाश कड्यावरून उतरून लार्चपाशी आला होता. आता ती पुरती सोन्याची झाली होती. खालून भोंगा वाजला, शेवटचा सूर ओढलेला. बस आली, थांबली. दार उघडले. पहिल्याच बाकावर बार्ब्ला आत्या टोपली घेऊन बसली होती.

“कुठे निघालास?” उर्सिनाने विचारले.

“शहरात. काम… झालं.”

“वळणावरचा फोटो झाला?”

“झाला. परवा.”

“परवा?” ती आत्याकडे वळली. “आत्या, याच्या कचेरीतल्या बाईंचा फोन कधी आला होता गं?”

“पहिल्याच आठवड्यात,” आत्या टोपलीवरचे फडके नीट करत म्हणाली. “फार गोड बोलल्या बाई. म्हणाल्या, वळणावरचा पहिलाच फोटो आला, असा सुंदर की थेट पुस्तकाच्या पहिल्या पानावर घालणार आहोत. मग हा माणूस अजून तिथे करतोय काय? मी म्हटलं, प्रकाशाची वाट बघतोय.”

बसमध्ये कोणी हसले नाही. मागच्या बाकांवरची माणसे पुढे झुकली होती.

“म्हणजे… तुला माहीत होतं?” मी उर्सिनाला विचारले. “रोज विचारत होतीस तेव्हा?”

“मग? उगाच गाडी थांबवत होते मी वळणावर? उशिराबद्दल वरून बोलणी खाल्लीत तुझ्यापायी.” तिने चाकावर हात ठेवले, मग काढून घेतले. “मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. अजून ऐकायचंय. कडक नाही, पातळ नाही, कोरडा नाही. खरं काय ते सांग… मग गाडीत बस, नाहीतर खाली राहा.”

मी खाली गावाकडे पाहिले. मनोरा होता, घड्याळ होते, आणि त्यांच्या शेजारी, जरासे माझ्याकडे वळून उभे असलेले, चार वाशांचे घर होते. मी पेटी रस्त्याच्या कडेला, बसच्या वाटेपासून दूर, गवतावर नेऊन ठेवली.

“प्रकाश पहिल्याच सकाळी बरोबर होता,” मी म्हणालो.